किनाऱ्यावरच्या गाडीला हीटर कशाला?

मालवणात मे महिन्याच्या भर दुपारी कुणी गॅरेजात येऊन सांगितलं की जुन्या गाडीचा हीटर बिघडलाय, तर ऐकणाऱ्यांना आधी हसू येतं. "हीटर कित्याक होयो? हंय काय बर्फ पडता?" हा सवाल ठरलेला. सवाल रास्तही आहे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्टीत जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण अठराच्या आगेमागे असतो आणि उन्हं चढली की अंगातला स्वेटर जड होतो. पण इथल्या तक्रारीचा सूरच वेगळा आहे. लंडनचा किंवा सिमल्याचा मालक म्हणतो, हीटर तापत नाही. मालवणचा म्हणतो, हीटर बंद होत नाही. डॅशबोर्डवरचा दांडा पार 'बंद'कडे ढकललेला असतो, तरी पायांवर गरम वारा येत राहतो आणि चौके-धामापूर करत कुडाळ गाठेपर्यंत चालक घामाने निथळतो.

त्याच मालकाची दुसरी तक्रार जुलैत येते. आंबोली घाटात काच आतून धुरकटते, पुसली की पुन्हा धुरकटते, आणि हीटर लावावा तर तो थंडगार वारा फेकतो. मे महिन्यात नको इतका तापणारा हीटर दोन महिन्यांत थंड कसा पडला? उत्तर बहुतेक वेळा मधल्या काळातल्या एका दुरुस्तीत सापडतं. कुणीतरी हीटरच्या नळ्या काढून बुजवलेल्या असतात आणि मालकाला त्याचा विसर पडलेला असतो.

किनाऱ्यावर उकाड्याला कंटाळून जुन्या गाड्यांवर तीन उपाय सर्रास होतात: थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हीटरची नळी बुजवायची आणि रेडिएटरमध्ये हाताशी असेल ते पाणी ओतायचं. सपाटीवर तिन्ही खपून जातात. मालवण ते कसाल, कसाल ते सावंतवाडी, काही बिघडत नाही. ते नडतात घाटात, आणि तेही पावसात. म्हणून इथे हीटरची तपासणी करायची तर ती इंजिनाच्या पाण्यापासूनच करावी लागते. जो मेस्त्री आधी डॅशबोर्ड उघडतो, त्याचा दिवस वाया जाण्याची शक्यता जास्त.

कुठल्या गाड्यांची ही गोष्ट? खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणाव्यात अशा जुन्या गाड्या भारतात मुळातच थोड्या. एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार अशी नावं इथे आली ती फाळणीपूर्व काळातल्या शौकिनांमुळे, पुढे वकिलातींतल्या परदेशी अधिकाऱ्यांमुळे. पण या गाड्यांचे देशी नातलग भरपूर आहेत, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं १,४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरीज' घराण्यातलं. सुरुवातीच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही १,४८९ सीसीचं हेच इंजिन होतं, आणि १९६२ साली आलेल्या एमजीबीत त्याच घराण्याचं १,७९८ सीसीचं. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ही ट्रायम्फ हेराल्डची भारतीय आवृत्ती. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने तिचा आकार काढला, आणि तिच्याच सांगाड्याचा आधार घेऊन ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन आसनी उघडी गाडी बांधली. सरकारी ॲम्बेसेडरच्या इंजिनावर हात बसलेला कुडाळचा किंवा कणकवलीचा जुना मेस्त्री म्हणूनच एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर गांगरत नाही. इंजिन ओळखीचं निघतं.

मुंबईकर कोकण्यांची मात्र खरी गाडी फियाट. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बांधायची, आणि १९७०च्या दशकात तीच 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. १,०८९ सीसीचं इंजिन, ॲल्युमिनियमचं हेड, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी मुंबई-गोवा महामार्ग याच गाडीतून पाहिला. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. खाजगी पद्मिनी मात्र गावागावांतल्या पडव्यांत आणि मांगरांत अजून उभ्या आहेत, आणि त्यांतल्या काही आता हौसेने पुन्हा रस्त्यावर आणल्या जात आहेत. पद्मिनी स्पोर्ट्स कार नव्हे, हे मान्य. पण तिच्या पाण्याची आणि हीटरची दुखणी इंग्रजी दोन आसनी गाड्यांपेक्षा फारशी निराळी नाहीत.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या काळात हीटर ही चैन होती. एमजीबी बाजारात आली तेव्हा तिच्या मायदेशी, म्हणजे जिथे हिवाळ्यात बोटं गारठतात तिथेही, हीटरचे पैसे वेगळे मोजावे लागत. स्पिटफायरचंही तेच. मोटारीच्या सुरुवातीच्या दशकांत प्रवासी घोंगड्या आणि निखाऱ्यांच्या शेगड्या घेऊन बसत. पुढे एक्झॉस्टच्या नळीभोवतीची गरम हवा आत सोडण्याची युक्ती निघाली, आणि इंजिनाचं गरम पाणी छोट्या रेडिएटरमधून फिरवण्याची पद्धत १९३०च्या दशकात रुळली. या सगळ्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध इतकाच, की अनेक जुन्या गाड्यांत हीटर हा नंतर चिकटवलेला अवयव आहे. त्याच्या नळ्या, खोबणी, कॉक यांत गाडीगणिक फरक असतो. दुसऱ्या गाडीचं चित्र बघून आपली गाडी उघडू नये.

रचना साधी आहे. इंजिनाच्या हेडमधून तापलेलं पाणी एका नळीने निघतं, वाटेत हीटरच्या कॉकमधून जातं, डॅशबोर्डखालच्या पेटीतल्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीने पाण्याच्या पंपाकडे परत येतं. ब्लोअरचा पंखा या छोट्या रेडिएटरमधून हवा ढकलतो. झडपा ठरवतात की हवा पायांकडे जावी की काचेकडे. मुख्य रेडिएटरची वाट थर्मोस्टॅट सांभाळतो. बहुतेक गाड्यांत तो ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो बंद असतानाही हीटरकडे पाणी जात असतं, म्हणून निरोगी गाडीत सगळ्यात आधी तापतो तो हीटर.

आता ते तीन उपाय.

थर्मोस्टॅट काढण्याची खोड देशभर आहे. गाडी तापते, मेस्त्री हाऊसिंग उघडतो, आतली पितळी चकती काढून मालकाच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, आपल्याकडे हिचं काम नाही. चकती अडकून बसली असेल तर तापण्याचा त्रास थांबतोही. पण मग पाणी पहिल्या मिनिटापासून मुख्य रेडिएटरमधून धावतं. पावसात, उतारावर, मंद वेगात इंजिन पुरतं तापतच नाही. तेलात चिकटा धरतो, पेट्रोल जास्त लागतं आणि हीटरमधून येते ती जेमतेम कोमट हवा. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची कड एका आडवाटेचं तोंडही झाकत असते. तो काढला की ते तोंड उघडं राहतं आणि गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परततो. अशा गाडीत तापण्यावरचा उपाय तापण्यात भर घालतो. थर्मोस्टॅट तपासायला मोठी विद्या लागत नाही: स्वयंपाकघरातलं पातेलं, पाणी, दोरा आणि थर्मामीटर. दोऱ्याने लटकवून पाणी तापवायचं. ऐंशी ओलांडल्यावर तो हलायला लागला आणि उकळीच्या आधी पूर्ण उघडला तर ठीक. खराब असेल तर नवा बसवायचा. रिकामं हाऊसिंग हा त्यावर तोडगा नाही.

हीटरची नळी बुजवणं हा दुसरा. बुजवण्याच्या तऱ्हा पाहिल्या तर माणसाच्या कल्पकतेची दाद द्यावीशी वाटते: जुना स्पार्क प्लग, बोल्ट, लाकडी खुंटी, वर क्लिप. मेमध्ये पाय भाजण्यापेक्षा हे बरं, असा हिशेब. बुजवायचंच असेल तर दोन्ही टोकं स्वतंत्र बंद करण्यापेक्षा यू आकाराच्या होजने एकमेकांना जोडणं चांगलं, कारण काही इंजिनांत हीटरची वाट हीच थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरत राहण्याची वाट असते. ती अडवली तर हेडचा मागचा भाग गुपचूप तापतो आणि डॅशबोर्डवरच्या काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरं, पाणी. इथे एक गैरसमज दूर करावा लागतो. रेडिएटरमधून लालसर गाळ निघाला की जांभ्याला दोष दिला जातो: आमच्या विहिरीचं पाणीच तसं. जांभ्या दगडातलं पाणी सहसा मृदू असतं; देशावरच्या कठीण पाण्यासारखी चुन्याची पुटं ते चढवत नाही. त्यात लोह असू शकतं आणि ते थोडं आम्लधर्मी असतं, हे खरं. पण रेडिएटरमधला तो लाल गाळ बहुतांशी खुद्द इंजिनाचाच असतो, ब्लॉकच्या ओतीव लोखंडाचा गंज. गंजरोधक नसलेलं साधं पाणी वर्षानुवर्षं फिरत राहिलं की लोखंड झिजतं आणि त्याचा चिखल सर्वांत अरुंद जागी जाऊन बसतो. ती जागा म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचं पाणी असेल तर आणखी वाईट. क्षारांच्या पाण्यात लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं आणि पितळ एकत्र आले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि सगळ्यात हळवा धातू आधी खाल्ला जातो. पद्मिनीच्या ॲल्युमिनियम हेडला पाण्याच्या वाटांशी पडणारे खड्डे यातूनच येतात.

मालवणात कूलंट घालायचं ते गोठू नये म्हणून नव्हे, गंजू नये म्हणून. डिस्टिल्ड वॉटर आणि जुन्या धाटणीचं, सिलिकेट असलेलं एथिलीन ग्लायकॉल हा जुन्या तांबं-पितळेच्या रेडिएटरांसाठी सुरक्षित मेळ. नव्या गाड्यांची दीर्घायुषी ऑरगॅनिक ॲसिड कूलंट जुन्या डाखाच्या जोडांना आणि सीलना मानवतीलच असं नाही. पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये याबद्दल सावधगिरी आहे आणि ती इथेही बाळगलेली बरी. ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, म्हणून काढलेलं पाणी अंगणात ओतू नये. कुत्री-मांजरं चाटतात.

हे तिन्ही तपासून झाले की मगच हीटर. पहिली परीक्षा हाताची. इंजिन पुरतं तापू द्यायचं, हीटरचा कॉक पूर्ण उघडायचा आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आत जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावायचा. दोन्ही कडकडीत गरम असतील तर पाणी नीट फिरतंय आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक गरम, दुसरी थंड असेल तर छोटा रेडिएटर तुंबलाय. दोन्ही थंड असतील तर पाणी तिथवर पोचतच नाही: कॉक जाम, वाटेत हवा अडकलेली किंवा पाणीच कमी. पंधरा मिनिटांच्या या परीक्षेने निम्मं काम होतं, आणि तरी ती न करता पेटी उघडणारे कमी नाहीत. रेडिएटरची टोपी मात्र गरम इंजिनावर उघडायची नाही. सात पौंड दाबाच्या साध्या टोपीखालीही पाणी ११० अंशांपर्यंत न उकळता राहतं. टोपी सुटली की ते त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

मे महिन्यातली तक्रार, म्हणजे हीटर बंद न होणं, जवळजवळ नेहमी कॉकची असते. एमजीबीत हा कॉक इंजिनाच्या हेडवर मागच्या बाजूला बसतो आणि डॅशबोर्डपासून तारेने हलतो. खाऱ्या हवेत वर्षातले दहा महिने तार जागची हलत नाही, तिच्या आवरणात गंज धरतो आणि एके दिवशी दांडा सरकतो पण दुसऱ्या टोकाचा कॉक ढिम्म. जोर केला की तार वाकते. म्हणून आधी तार सोडून कॉक हाताने फिरवून बघावा. फिरला तर तार बदलायची. नाही फिरला तर कॉक. कॉकमधला रबरी पडदा फाटला असेल तर तो बंद होत नाही आणि वर गळतोही. गळती ब्लॉकवरून खाली ओघळून हिरवट-पांढरी पुटं सोडते. ब्रिटिश गाड्यांचे नवे कॉक आजही बनतात आणि मागवता येतात. पद्मिनीसाठी मात्र जुना माल धुंडाळावा लागतो: मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची सुट्या भागांची दुकानं, पुण्यात नाना पेठ. हाती आलेला भाग बसवण्याआधी मापं घ्यावीत, कारण किनारी प्रदेशात विकल्या गेलेल्या पद्मिनीत हीटर असेलच असं नाही, आणि असला तरी तो कोणत्या साली कुणी बसवला हे सांगता येत नाही.

हवा अडकण्याचा दोष पाणी बदलल्यानंतर हमखास येतो. हीटरचा रेडिएटर पुष्कळदा पूर्ण प्रणालीतली उंच जागा असतो. हवा तिथे जाऊन बसते आणि पाण्याला वाट देत नाही. गाडी नाक वर करून चढावर उभी करायची (मालवणात अशा घाट्यांना तोटा नाही), हीटरचा कॉक उघडा ठेवून सावकाश पाणी भरायचं आणि परतीची नळी किंचित सैल करून हवा निघेपर्यंत थांबायचं. पण हवा काढूनही दोन दिवसांत पुन्हा तोच त्रास झाला, आणि इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले, तर हीटरला दोष देणं थांबवावं. हेड गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. हीटरच्या तक्रारीने गॅरेजात आलेली गाडी हेड उतरवून बाहेर पडते ती अशी.

तुंबलेला रेडिएटर उलट्या दिशेने धुवायचा असतो: परतीच्या नळीतून बागेच्या पाइपचं मंद पाणी सोडायचं आणि जाणाऱ्या नळीतून गाळ येऊ द्यायचा. नगरपालिकेच्या नळाचा पूर्ण दाब लावायचा नाही, जुना डाख तो सहन करत नाही. सायट्रिक ॲसिडचा सौम्य द्राव थोडा वेळ ठेवता येतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, तो पद्मिनीच्या जवळही नको. धुण्याचा धोका असा की कधी कधी गंजच छिद्राला बूच देऊन बसलेला असतो. गाळ गेला की गळती उघडी पडते. तसं झालं तर पेटी उतरवून छोटा रेडिएटर बाहेर काढायचा, एक तोंड बंद करून दुसऱ्यातून अगदी हलकी हवा भरायची आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा बादलीत बुडवून बुडबुडे शोधायचे. पितळी टाकी आणि तांब्याच्या नळ्या असल्या तर चांगला रेडिएटरवाला डाख देऊन ते बुजवतो किंवा आतली जाळीच नवी घालतो. सिंधुदुर्गातले लोक इंजिनाच्या मोठ्या कामासाठी कोल्हापूरचं उद्यमनगर गाठतात, त्यातच हे काम उरकतं. गळती थांबवणारी पूड मात्र टाकू नये. ती छिद्र शोधण्याआधी अरुंद नळ्या शोधते.

दोन्ही नळ्या गरम आणि हवा थंड, किंवा हवाच नाही, अशी स्थिती असेल तर कामं बारीक पण कटकटीची. ब्लोअर फिरत नसेल तर त्याला बॅटरीवरून थेट तार द्यावी. फिरला तर मोटर चांगली, दोष स्विच, फ्यूज किंवा अर्थिंगमध्ये. किनाऱ्यावर अर्थिंगवर आधी संशय घ्यावा, कारण पत्र्यावर कसलेल्या त्या एका स्क्रूखाली गंज धरायला एक पावसाळा पुरतो. १९६७च्या आधीची एमजीबी असेल तर तिची बॅटरी उलट, म्हणजे धन टोक सांगाड्याला जोडलेली असते. तिथे आजच्या धाटणीची कायम चुंबकाची मोटर जशीच्या तशी जोडली तर पंखा उलटा फिरेल. पंखा सुलट फिरतो तरी हवा कोमट, असं झालं तर पेटीच्या आतल्या स्पंजाच्या पट्ट्या पाहाव्यात. दमट हवेत त्यांचा भुगा होतो आणि हवा रेडिएटरला न शिवता बाजूने निसटते. बंद पडून राहिलेल्या गाडीत उंदरांनी काथ्या आणि कागद आणून घर केलेलं असणं हीही इथली नित्याची गोष्ट. आधी घर काढावं, मग मोटर तपासावी.

ओल्या पायपुसण्यांबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त चुकीची निदानं इथेच होतात. पुढच्या सीटखाली पाणी साचलं की हीटर गळतोय असं धरलं जातं. पाण्याला बोट लावून बघावं. चिकट असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट पातळ थर बसत असेल तर कूलंट आहे. नुसतं पाणी असेल तर ते आभाळातलं आहे. काचेपुढच्या जाळीतून बाहेरची हवा घेणाऱ्या गाड्यांत पावसाचं पाणी खाली सोडायला एक निचऱ्याची नळी असते. एमजीबीतली ती नळी पाल्यापाचोळ्याने तुंबते आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. आंब्याखाली किंवा फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती किती वेगाने तुंबेल याचा अंदाज कोकणात सांगायची गरज नाही. नळी मोकळी केली की पायपुसणी वाळतात, आणि गंमत म्हणजे काचही कमी धुरकटते, कारण निम्मी वाफ त्या ओल्या पायपुसण्यांतूनच येत असते.

मग घाटात हीटरचा उपयोग तो किती? सावंतवाडीहून दाणोली मागे टाकलं की रस्ता जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीकडे चढतो. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. जुलैत तिथली हवा साधारण २० अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. ती तशीच काचेवर सोडली तर काच वाळत नाही. तीच हवा हीटरमधून ३५ अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांवर येते, आणि अशी तहानलेली हवा काचेवरचं धुकं दोन-तीन मिनिटांत पिऊन टाकते. म्हणजे हीटर इथे थंडीसाठी नाहीच. खिडकी बोटभर उघडी, हवेचा झोत काचेकडे, कॉक पूर्ण उघडा. चालकाला घाम येतो, पण रस्ता दिसतो. ट्रकवाल्यांची तंबाखू काचेवर चोळायची युक्ती बाहेरच्या थेंबांसाठी आहे, आतल्या वाफेवर तिचा इलाज चालत नाही. साबणाचा पातळ हात आतून फिरवला तर थोडा वेळ भागतं.

चढावर इंजिन तापायला लागलं तर हाच हीटर दुसरा रेडिएटर बनतो. त्या काळातला चांगला हीटर तीन-चार किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. पद्मिनीसारखं इंजिन चढावर पाण्यात वीस-पंचवीस किलोवॅट उष्णता ओतत असताना ही मदत बारा ते वीस टक्क्यांची. पण दोन वळणं पलीकडे गाडी बाजूला घेण्याइतपत उसंत तीच देते. ज्याने हीटरची नळी बुजवली त्याने ही सोयही बुजवली.

बाजारात सिगारेट लायटरला लावायचे छोटे विजेचे हीटर मिळतात. ते घेऊ नयेत. बारा व्होल्टवर दीडशे वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर. जुन्या ब्रिटिश गाड्यांचा ल्युकसचा डायनामो कसाबसा बावीस अँपिअर देतो, आणि पावसात दिवे-वायपर आधीच त्यातले बरेच खात असतात. बदल्यात मिळणारी उष्णता पाण्याच्या हीटरपेक्षा वीस पटींनी कमी. वर पन्नास वर्षांच्या वायरिंगवर हा भार म्हणजे आगीला आमंत्रण. एसी बसवलेल्या गाडीत काच वाळते हे खरं, पण छोट्या इंजिनाला घाटात तो भार पेलत नाही, आणि काच जास्त थंड झाली तर धुकं बाहेरून धरतं.

हवेने थंड होणाऱ्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर. फोक्सवॅगन बीटल किंवा जुनी पोर्शे यांत पाणीच नसतं. एक्झॉस्टभोवतीच्या आवरणात तापलेली हवा केबिनमध्ये येते. ते आवरण किंवा आतली नळी गंजून फुटली तर गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, आणि त्याला वास नसतो. बीटलमध्ये ही गरम हवा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे जाते. त्या पट्ट्या गाडीच्या मजबुतीचाही भाग आहेत. समुद्राकाठी त्या आतून गंजतात. अशा गाडीत हीटरमधून धुराची जराशीही शंका आली तर हीटर बंद, खिडक्या उघड्या, आणि पत्र्याचं काम झाल्याशिवाय लांबचा प्रवास नाही. इथे जुगाडाला जागा नाही.

राहतो प्रश्न मूळ स्वरूप जपण्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं; नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. फेरफारांचा रोख सांगाडा, बॉडी आणि इंजिनावर आहे, हीटरच्या नळ्यांवर नाही. तरीही एमएच ०७ च्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या, एखाद्या मालकाला मे महिन्यात हीटर बंदच हवा असेल, तर सर्वांत निरुपद्रवी मार्ग हाच: पेटी, ब्लोअर, झडपा जागच्या जागी ठेवायच्या, फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला यू होज लावायचं, छोटा रेडिएटर रिकामा करून त्याची तोंडं झाकायची आणि काढलेल्या दोन नळ्या, क्लिपा नि एक पाना डिकीत ठेवायचा. मिरगाच्या आधी त्या परत लावायला अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही.